दोराचं दुसरं टोक

१

आमच्या कोयाइकेत, जगाच्या या दक्षिण टोकाला, जुलैच्या हिवाळ्यात जरासा बर्फ पडला की सगळ्या गावाला एकदम जुने दिवस आठवतात. बेकरीत जा, दवाखान्यात जा, तेच. "हा काय बर्फ आहे? बर्फ आमच्या वेळी होता!" मीही तेच म्हणते, पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की माझं डोकं फिरतं. त्यात माझी आई, एदेल्मिरा, म्हणजे या सगळ्यांची म्होरकी. वय ऐंशीच्या पुढे गेलंय, सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाही, पण तोर्दियोच्या खोऱ्यातल्या आमच्या जुन्या घरातला एकेक हिवाळा तिला तोंडपाठ आहे.

त्या रविवारी सकाळपासून बर्फ भुरभुरत होता. मी सोपाइपिया, म्हणजे भोपळ्याच्या पुऱ्या, तळत होते आणि आई चुलीजवळ बसून येर्बाचा कडू चहा नळीने ओढत होती. बोलणं नेहमीच्या वाटेने चाललं होतं. दार बुजवून टाकणारा बर्फ. खिडकीतून बाहेर पडणारे बाबा. गारठून मेलेली कोकरं. मग अर्थातच छप्पर.

"तुझे बाबा छपरावर चढले की माझा जीव टांगणीला लागायचा," आई म्हणाली. "पण तू मागे दोर धरायचीस ना, म्हणून निभावलं."

"मी? मी कुठे धरायचे? नोलो धरायचा."

"काहीतरीच! नोलो माझ्याजवळ असायचा. धुराड्याखाली बादली धरून. छपरावर धबधब झाली की सगळी काजळी खाली यायची. विसरलीस?"

"आई, मी गोठ्यात असायचे. बाबा चढायच्या आधी मला तिकडेच धाडायचे. छपरावरून बर्फ कोसळला की मेंढ्या बिथरायच्या, म्हणून."

आईने तोंडातली नळी काढली. "मग कोण धरायचं?"

"तेच तर विचारतेय."

"तूच धरायचीस," ती म्हणाली आणि पुन्हा चहा ओढायला लागली. आता हिच्यापुढे काय डोकं आपटायचं? मी तव्याखालचा जाळ कमी केला आणि हट्टाने नोलोला फोन लावला.

नोलो म्हणजे नोल्बेर्तो, माझा धाकटा भाऊ. तो त्या जुन्या घरातच राहतो आणि रविवारी दुपारी फोनसाठी टेकाडावर चढतो, कारण रेंज तिथेच मिळते. मी विचारलं, लहानपणी बाबांचा दोर कोण धरायचं. तो हसला. म्हणाला, "तू. आणखी कोण? मी तर आईच्या बादलीला जुंपलेला असायचो."

२

ज्यांनी असलं छप्पर साफ केलेलं नाही त्यांना यात एवढं काय, असं वाटेल. म्हणून सांगते.

आमच्याकडे वारा पश्चिमेचा. त्या बाजूचा बर्फ तो छपरावर ठरूच देत नाही, सगळा उडवून आढ्यापलीकडे पूर्वेच्या उतारावर नेऊन टाकतो. त्यामुळे झाडायचा तो पूर्वेचाच उतार, स्वयंपाकघराच्या अंगाचा. बर्फाखालचा पत्रा असा निसरडा की मांजरसुद्धा ठरायचं नाही. म्हणून दोराच्या टोकाला लाकडाचा तुकडा बांधून तो आढ्यावरून पश्चिमेकडे भिरकवायचा. तिकडे एक माणूस तो धरणार. इकडचं टोक कमरेला बांधून दुसरा माणूस चढणार. खुंटीला बांधून चालत नाही, कारण वरचा माणूस सारखा वरखाली आणि आडवा सरकत असतो. तो "सोड" म्हणाला की सोडायचं, "धर" म्हणाला की अंगाला पीळ देऊन बसायचं. वाऱ्यात खालून ओरडलेलं वर ऐकू जात नाही, म्हणून खालच्याने एक हिसका द्यायचा. एक हिसका म्हणजे धरलंय.

मधे आढं. वरच्याला खालचा दिसत नाही आणि खालच्याला वरचा. पश्चिमेच्या भिंतीला खिडकी तर आमच्याकडे कुणी ठेवतच नाही, वारा घर उचलून नेईल. म्हणजे मागे कोण बसलंय ते घरातूनही दिसायची सोय नाही.

गडी एप्रिलमध्येच खाली जायचा. सगळ्यात जवळचा शेजार नदीपलीकडे, आणि नदी हिवाळ्यात कुणी ओलांडत नसे. घरात आम्ही चौघं. एक छपरावर, एक चुलीशी, एक बादलीशी, एक गोठ्यात. संपली माणसं.

मी गोठ्यात बसून ते ऐकायचे, ते अजून कानात आहे. फावड्याची खरखर, बर्फ कोसळल्याचा धप्प आवाज, मग बाबांचं लांबलचक "सोऽऽड". मला वाटायचं, नोलो मजेत आहे, मोठ्या माणसाचं काम करतोय, आणि मला आपलं मेंढ्या वळत बसावं लागतंय. राग राग यायचा. नंतर जेवताना बाबा ताटाकडे बघत म्हणायचे, "आज छान धरलंस." मी नोलोकडे बघायचे. तो माझ्याकडे बघायचा. आईला वाटायचं की पोरं लाजली.

एका हिवाळ्यात बाबांचा पाय खरंच सुटला. वळचणीवरून पाय बाहेर लोंबकळत राहिले. आईने ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिले आणि किंचाळली. मला ती किंचाळी गोठ्यात ऐकू आली होती. पण दोर तसूभरही सरकला नाही. एवढ्या आडदांड माणसाचं वजन कुणीतरी तोलून धरलं आणि हळूहळू वर ओढून घेतलं. हे एका शाळकरी पोराचं काम नव्हे, हे मला या रविवारी, तव्यासमोर उभं राहिल्यावर कळलं. आजवर कधी डोक्यातच आलं नव्हतं.

बाबा त्यानंतर कितीतरी वर्षं जगले आणि इथे कोयाइकेतच गेले, दवाखान्यात, पलंगावर, न्यूमोनियाने. म्हणजे त्यांच्या जाण्याचा छपराशी काही संबंध नाही, हे आधीच सांगून ठेवते.

३

"ते जाऊ दे," मी फोनवर नोलोला म्हणाले, "आता तुझा दोर कोण धरतं?"

तोर्दियोचं घर आम्ही सोडून पंचवीसेक वर्षं झाली. नोलोचं बायकोशी बिनसलं तसा तो परत तिकडे जाऊन राहिला. त्यालाही काही हिवाळे झाले. गुडघा दुखरा, नजर अधू, आणि एकटा. दर वर्षी मी सांगते, खाली ये. दर वर्षी तो म्हणतो, बघू. हे "बघू" ऐकून ऐकून माझे कान किटलेत.

फोनवर नुसता वारा ऐकू येत होता. मग तो म्हणाला, "धरतं कुणीतरी."

"कुणीतरी म्हणजे?"

"मला काय माहीत? ते आढ्यापलीकडे असतं. मला वाटलं तू खोऱ्यातल्या त्या लिसांद्रोच्या माणसाला, त्याच्या गड्याला, सांगून ठेवलंयस."

"मी कुणाला काही सांगितलेलं नाही!"

"मग तो आपल्या मनाने येत असेल. चांगला माणूस दिसतोय."

"नोलो, तू वेडा आहेस का? तू दोर टाकतोस, पलीकडून कुणीतरी धरतं, आणि तू एकदाही जाऊन बघितलं नाहीस?"

"हिसका येतो ना," तो शांतपणे म्हणाला. "मग बघायचं काय त्यात?"

हा माझा भाऊ! मी फोन आदळला. आई सगळं ऐकत होती. मला वाटलं, आता म्हणेल की तूच धरतेस. पण नाही. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "एल्सिरा, त्याला घेऊन ये. दर वेळी धरणारा भेटेलच असं कुठे आहे? माझा एवढा एकच पोरगा आहे गं."

रेडिओवर सांगत होते की आठवड्याच्या मध्यावर मोठा बर्फ येणार. तोर्दियोकडची खिंड बंद होणार.

४

लिसांद्रो त्याच खोऱ्यात पुढे राहतो. मंगळवारी तो पिकअपमधून जनावरांचा चारा घेऊन वर निघाला होता, त्याच्या शेजारी बसून मी गेले. वाटेत मी त्याला सरळच विचारलं.

"माझा माणूस?" तो म्हणाला. "ताई, माझा माणूस पडशाने बेजार आहे. महिनाभर घराबाहेर पडला नाही. शेळ्यासुद्धा मीच बघतोय."

"मग दुसरं कुणी?"

"दुसरं कोण आहे इथे? मी, तो आणि तुमचा भाऊ." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाला, "चारा उतरवून दुपारी परत खाली जाणार आहे. खिंड बंद व्हायच्या आत निघायचं. तीनदा हॉर्न देईन, तेवढ्यात आलात तर ठीक, नाहीतर मग सप्टेंबरातच भेट."

घर होतं तसंच होतं. तेच कुबट लोकरीचे जोडे दाराशी, तीच चूल, भिंतीवर तेच काजळीचे ओघळ. मला वाटलं होतं की आत शिरताना भरून येईल. काही नाही. फक्त चीड आली. एवढ्या थंडीत, एवढ्या अंधाऱ्या खोल्यांतून आमची आई कशी राबली असेल आणि आम्ही त्यालाच आता गोड गोड आठवणी म्हणतो.

नोलो दाढी वाढवून बसला होता. मला बघून त्याला आनंद झाला होता, पण तो दाखवेल तर शपथ. "आलीस? बस. पाणी गरम आहे."

"बसायला आले नाही मी. पिशवी भर. दुपारी निघायचंय."

"बघू."

"बघू म्हणालास तर हे गरम पाणी तुझ्या डोक्यावर ओतीन!"

तो हसला. पूर्वेच्या उताराचा अर्धा भाग त्याने सकाळीच साफ केला होता. उरलेला अर्धा अजून भरलेला होता आणि त्याच्या भाराने छताचा वासा मधूनमधून कुरकुरत होता. मी बाहेर पडले आणि घराला वळसा घालून मागे गेले.

मागे कुणी नव्हतं. आढ्यावरून आलेला दोर पत्र्यावरून खाली उतरून बर्फावर पडला होता. भोवतीचा बर्फ गुळगुळीत. एक पाऊल नाही, कुणी बसल्याची खूण नाही. मी धावत आत आले.

"जा, बघून ये! सकाळी कुणी धरलं होतं म्हणतोस ना? एक खूण नाही तिकडे!"

"वारा आहे ना," नोलो म्हणाला. "वारा काय ठेवतो? तुझी पावलं तरी आहेत का बघ आता."

मी परत जाऊन बघितलं. माझीही पावलं बुजत चालली होती. म्हणजे त्याचं म्हणणं काही अगदीच चूक नव्हतं. मी ते स्वतःला पटवून घेतलं, कारण दुसरं काय पटवून घेणार? कुणी मेंढपाळ असेल. एखादा भटक्या असेल, मागच्या पडक्या गोठ्यात राहत असेल, उपकार म्हणून दोर धरत असेल आणि बोलायला लाजत असेल. मी गोठाही बघून आले. त्यात जुनं गवत होतं आणि दुसरं काही नव्हतं.

५

आम्ही खिडकीशी जेवायला बसलो. कालचं मेंढीचं मटण आणि बटाटे. मी बोलत होते, तो खात होता. आईची तब्येत, माझी रिकामी खोली, डोळ्यांचा डॉक्टर, सगळं सांगून झालं. तो मान हलवायचा आणि बटाटा तोंडात टाकायचा. भिंतीशी बोलले असते तर तिने तरी काही उत्तर दिलं असतं.

खिडकीबाहेर दोराचं इकडचं टोक लोंबत होतं. जेवायला उतरताना त्याने ते कमरेचं सोडून तसंच ठेवलं होतं. मी बोलता बोलता त्याच्याकडे बघत होते, म्हणून मला दिसलं. टोक वर सरकलं.

थोडंसंच. मग थांबलं. मग पुन्हा सरकलं, हातभर. कुणी ढिला दोर सावकाश गोळा करून घ्यावा तसं. सुंभाचं टोक काचेसमोरून वर गेलं, वळचणीपर्यंत पोचलं आणि तिथे थांबलं.

नोलोनेही बघितलं. त्याने तोंडातला घास गिळला आणि म्हणाला, "हल्ली घाई असते त्याला."

"कुणाला?" मी ओरडले. "कुणाला घाई असते?"

"ओरडू नकोस गं. मागे बर्फ घसरला असेल, त्याने ओढला असेल दोर."

"आत्ता तर म्हणालास की त्याला घाई असते!"

"बोलायची पद्धत असते एक."

पण त्याचा हात ताटात थांबला होता. मग त्याने मान खाली घातली आणि हळू आवाजात सांगितलं, ते मी शब्दशः सांगते. "एल्सी, पहिल्या वर्षी तो मी म्हणेन तेवढाच दोर सोडायचा आणि धरायचा. नीट. यंदा मी धर म्हणालो की तो धरून थांबत नाही. थोडा ओढतो. मी आढ्याच्या जवळ जवळ जातो. परवा माझा हात आढ्याला लागला."

"मग तरी तू आज चढलास?"

"छप्पर पडलं असतं ना."

"पडू दे की! काय ठेवलंय या घरात? तू मेलास तर आईला मी काय सांगू?" मला रडू फुटलं. इतका वेळ राग होता तोच डोळ्यांतून वाहायला लागला. "हे घर आपलं होतं, नोलो. होतं! आता नाहीये. इथे कुणी राहत नाही, समजलं? तूसुद्धा राहत नाहीस, तू नुसता छप्पर झाडतोस!"

त्याने ताट बाजूला सरकवलं. वर वासा पुन्हा कुरकुरला.

"अर्धंच राहिलंय," शेवटी तो म्हणाला. "तेवढं करू दे. अर्धवट टाकून मला जाववणार नाही. बाबांनी कधी टाकलं नाही. तेवढं झालं की येतो."

"बघू म्हणशील."

"नाही म्हणणार. येतो."

"मग आज दोर मी धरणार. दुसरं कुणी नाही. मी हातात घेतल्याशिवाय तू चढायचं नाहीस."

"बरं."

"शब्द?"

"शब्द, बाई, शब्द! जा आता, उजेड आहे तोवर."

६

मी मागे गेले. वारा पाठीवर आदळत होता. दोराचं टोक आता भिंतीपासून बरंच लांब, बर्फात गुंडाळी होऊन पडलं होतं. मी ते उचललं, कमरेमागून घेतलं, टाचा रोवल्या आणि बसले. मनात भीती होती, नाही कशी म्हणू? पण दोर माझ्या हातात होता. दुसऱ्या कुणाच्याही नव्हता. त्या जागेवर आता मी होते आणि या गोष्टीचा निकाल लागला होता.

थोड्या वेळाने दोराला पलीकडून ओढ लागली. मी एक हिसका दिला. धरलंय.

पत्रा वाजला. कुणी शिडीवरून वर आलं की पत्रा वाजतो तसा. मग फावड्याची खरखर. मग पलीकडे धप्प. आणि वाऱ्याच्या उलट्या दिशेने, अगदी बारीक, "सोऽऽड".

मी सोडला.

खरं सांगते, मला बरं वाटायला लागलं. जन्मभर हे मी गोठ्यात बसून ऐकलं होतं, आज माझी पाळी आली होती. दोर हातातून जाताना वरच्या माणसाचं पाऊल न पाऊल कळत होतं. तो डावीकडे गेला, मी थोडा सोडला. तो वर आला, मी गोळा केला. "धर" म्हणाला की मी अंगाला पीळ द्यायचे आणि एक हिसका. बोलायची गरज नाही, बघायची गरज नाही. नोलोवरचा माझा राग निवला. किती सफाईने काम करतोय बिचारा, दुखऱ्या गुडघ्याने! मला वाटलं, आईला सांगेन, अगं आई, घे, आता खरंच मी धरला दोर.

काम संपत आलं होतं. आढ्यावरून मला फावड्याचं पातं दिसत होतं, वर यायचं आणि खाली जायचं. तेवढ्यात खाली रस्त्यावर पिकअपचा हॉर्न वाजला. एकदा.

"नोलो!" मी ओरडले. "लिसांद्रो आला! आवर!"

७

"आवरलंय की," नोलो म्हणाला.

तो घराच्या कोपऱ्यावर उभा होता. अंगात बाहेरचा कोट, डोक्यावर टोपी, खांद्याला पिशवी. दुसऱ्या हातात माझी पर्स.

"काय करतेयस इथे?" तो म्हणाला. "गारठून जाशील. तू मागे गेलीस आणि मी विचार केला, तुझंच खरं आहे. पडू दे छप्पर. पिशवी भरली, चूल विझवली, तुला हाका मारल्या, तुझा पत्ता नाही. चल, लिसांद्रो थांबायचा नाही."

मी त्याच्याकडे बघत राहिले. मग वर बघितलं. पातं वर आलं आणि खाली गेलं. पलीकडे धप्प झालं.

नोलोने ते ऐकलं. त्याची नजर माझ्या हातांवरून निघाली आणि दोरावरून पत्र्यावर, आढ्यापर्यंत गेली. त्याचा चेहरा पांढरा पडला.

"तू चढला नाहीस?" मी विचारलं.

"नाही."

"शिडीवर पाऊलही नाही?"

"नाही म्हणतोय ना! सोड तो दोर. एल्सी, सोड!"

मी सोडणार होते. देवाची शपथ, मी बोटं ढिली केली. त्याबरोबर वर पत्र्यावरून काहीतरी जड घसरलं, फावडं खणखणलं, आणि दोर माझ्या तळव्यातून सणसणत गेला.

"एल्सीऽऽ!"

तो आवाज माझ्या ओळखीचा होता. नोलोचा नव्हता. नोलो माझ्यासमोर उभा होता, तोंड मिटून.

मी दोर आवळला. तळवे सोलले गेले तरी आवळला, टाचा रोवून मागे पडले. पलीकडे ते वजन वळचणीवर लोंबकळत थांबलं. मोठं वजन होतं. मी ते तोलून धरलं. मला ते तोलता आलं, याचंच मला नवल वाटलं.

"सोड गं, पाया पडतो," नोलो रडत होता. "आईने सांगितलंय ना तुला. घरी जायचंय ना आपल्याला."

"पडेल रे," मी म्हणाले. "सोडला तर पडेल."

दुसरा हॉर्न वाजला. मी त्याला म्हणाले, जा तू, आईला भेट, सांग की येते. खरंच मनापासून म्हणाले. तो रस्त्याच्या बाजूला चार पावलं गेलाही. मग वरून कण्हण्याचा आवाज आला, जुना, घोगरा, दवाखान्यातल्या त्या पलंगावरून ऐकलेला, आणि नोलो थांबला.

तो परत आला. पिशवी त्याने बर्फात ठेवली, तिच्यावर माझी पर्स ठेवली. मग माझ्या पाठीमागे बसला, पाय रोवले आणि दोराचं उरलेलं टोक आपल्या कमरेभोवती घेतलं. आम्ही दोघांनी हळूहळू ओढायला सुरुवात केली. वजन वर आलं, पत्र्यावर टेकलं. फावड्याची खरखर पुन्हा सुरू झाली.

बर्फ आता जोरात पडायला लागला होता. साफ केलेला उतार पुन्हा भरणार होता, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. खाली लिसांद्रोने तिसरा हॉर्न दिला, थोडा वेळ थांबला, आणि गाडीचा आवाज खिंडीकडे जात जात बंद झाला.

"धर," वरून आवाज आला.

मी एक हिसका दिला.